माया

शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे
शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं
दोन बोटं जास्तीचं कापड.
उद्या माणूस सुटला, तर उसवून वाढवता यावं म्हणून.

बत्तीस वर्षं जेल रोडवर मी लोकांच्या कमरा मोजल्या.
कोण कुठल्या साली सुटला, वहीत आहे सगळं.
बिडवई खंडव्याहून बदलून आले नि चौतीसचे छत्तीस झाले.
दुबेजींच्या मुलीचं लग्न : अडतीस.
मी कधी काही बोललो नाही.
ब्लेडनं शिवण उसवायची, माया सोडायची
आणि म्हणायचं, धुण्यात आटली असेल, भिया.

स्वतःची पँट मात्र रात्री, शटर अर्धं पाडून.
तीनदा.
चौथ्यांदा उसवली तेव्हा आत
काही उरलंच नव्हतं.
कापडाचा काठ, आणि विरलेल्या दोऱ्यांचे केस.

शालनला हे कसं सांगणार?
तिची माया ताटात वरून पडते.
पोह्यांवर शेव, उपम्यावर शेव,
वरणभातावरसुद्धा चिमूटभर, वर जिरावन,
"नुसतं काय खाता, कोणी मेलंय का?"
तिसरी पोळी नको म्हटलं
की तिचा हात तव्यावर तसाच थांबतो,
आणि मग मी चौथीही खातो.

तरी एक गोष्ट धंद्यानं शिकवली आहे :
कापडाला एकदम कात्री लावायची नाही.
आधी खडू. मग कच्चा टाका.

सकाळचा चहा मीच करतो.
दीड चमचा साखर सव्वा केली, दिवाळीपर्यंत एक.
जिभेला कळलं, पण तिनं तक्रार केली नाही.
स्कूटरचा प्लग गेलाय म्हणालो.
(तो प्लग अजून बाजारात मिळत नाहीये.)
कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली
की मी तिच्यामागे निघतो नारायण बागेतून,
कोपऱ्यावर पोह्यांची वाफ आणि जलेबीची कढई,
तिथं रस्ता ओलांडतो,
पुढे जाऊन परत अलीकडे येतो.
तेवढीच चाळीस पावलं जास्त.

आठला शटर पाडतो आता, दहाला नाही.
पाठक वकील कुरकुरले. कुरकुरोत.

जानेवारीत साडू आले, सराफ्यात गेलो.
गराडू खाल्ले. दोन दोने. खोटं का बोलू?
वरून रबडी.
आठवडाभर मी टेपकडे पाहिलं नाही
आणि टेपनं माझ्याकडे.
सोमवारी पुन्हा चालत निघालो,
त्यात शौर्य काही नव्हतं,
स्कूटर बिघडलेली होती ना.

मग एका दुपारी शालननं
भाजीला जायचं म्हणून सहज किक मारली.
पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

रात्री ती काही बोलली नाही.
शेवेचा डबा मात्र फडताळाच्या माथ्यावर गेला होता,
स्टुलावर चढल्याशिवाय हात न पोचेल असा,
आणि माझ्यापुढे मंदारची ताटली आली,
बारशाची, काठावर नाव कोरलेली,
दोनच पोळ्या मावतील एवढी.
"मोठं ताट सापडत नाहीये," ती म्हणाली.
"सापडेल," मी म्हणालो.
काकडी होती, भरपूर.
तिनं स्वतःही एक पोळी कमी घेतली,
मी पाहिलं नाही असं तिला वाटलं.

होळी झाली. पट्टा दोन भोकं आत.
परवा पँट घेऊन बसलो,
अडीच बोटं दाबायची होती.
अशा वेळी जास्तीचं कापड कापून टाकतात,
नाहीतर शिवण जाड होते, बसताना टोचते.
गिऱ्हाइकाची असती तर मीही कापलं असतं.

शालन सुईत दोरा ओवून देत होती,
चष्मा कपाळावर सरकवून.
"आत काय ठेवलंत एवढं?"
बोटानं चाचपून म्हणाली.

कापड, मी म्हणालो.